दुय्यम शाळेतील मुलांची उद्योगासाठी तयारी

मृगाची वाट पाहण्याचे दिवस व दहावीच्या निकालाचे दिवस आपल्याकडे एकमेकांपासून फार दूर नसतात. पेरणीची तयारी आपण महिनाभर आधीपासून करतो. बियाणे निवडतो, तिफण दुरुस्त करून घेतो, बैलांचा किंवा ट्रॅक्टरचा बंदोबस्त करून ठेवतो. परंतु ज्या मुलास दहा वर्षे शाळेत घातले, त्यास शाळा सुटल्यावर कोणते काम करता येईल, याचा विचार मात्र निकालाचा कागद हाती आल्यावर सुरू होतो. पेरणी चुकली तर दुबार पेरणीचा मार्ग तरी असतो; मुलाची ही वर्षे वाया गेली तर ती पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आठवी ते दहावी या तीन वर्षांत मुलांची उद्योगासाठी तयारी कशी करावी, याविषयी प्रस्तुत लेखात काही विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

परभणी तालुक्यातील पेडगाव हे उदाहरणादाखल घेऊ. हे लोहमार्गावरील गाव असून महसूल मंडळाचे ठिकाण आहे. जमीन काळी, पिके कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही. जिल्ह्याचे शहर जवळ, आणि त्या शहरात १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, ज्यास आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणतात. अशा गावातील मुलास शेतीचे व शेतीभोवतीच्या धंद्यांचे ज्ञान मिळण्यास काही अडचण नसावी, असे कोणासही वाटेल. परंतु आपल्याकडील पुष्कळ घरांत असे दिसते की, दहावी झालेला मुलगा शेतात जाण्यास लाजतो व शहरात गेला तर पहिल्याच दिवशी अडतो. तेथे त्यास गुण किती मिळाले हे फारसे कोणी विचारीत नाही. तुला काय येते, हे विचारतात. या प्रश्नास त्याच्यापाशी उत्तर नसते.

हा प्रश्न आता टाळून चालणार नाही, याचे कारण जमिनीच्या हिशेबात आहे. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराकडील सरासरी जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरांवर आली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शेतावर एक कुटुंब निभावत होते, त्याचे आज तीन तुकडे झाले आहेत, असे स्थूल मानाने म्हणता येईल. तिघा भावांनी त्याच जमिनीवर भार टाकावयाचा, तर तिघेही कर्जात राहतील. एकाने शेती उत्तम करावी, दुसऱ्याने शेतीस लागणारा एखादा धंदा करावा व तिसऱ्याने बाहेर जाऊन मानाने पोट भरावे, असे व्हावयाचे असेल, तर तिघांच्याही हातांस व बुद्धीस आधीच वळण लागले पाहिजे.

उद्योगाची पात्रता म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी आहे की, उद्योगशिक्षण म्हणजे एखादे यंत्र चालविण्यास शिकविणे. आमच्या मते हा अर्थ अपुरा आहे. यंत्रे बदलतात. आज ज्या यंत्रावर मुलगा शिकला ते दहा वर्षांनी भंगारात जाईल. परंतु पाच गोष्टी कोणत्याही धंद्यात लागतात आणि त्या कधी जुन्या होत नाहीत. पहिली, अंदाजाने न बोलता मोजणे. दुसरी, मोजलेले त्याच दिवशी लिहून ठेवणे. तिसरी, हत्यार स्वच्छ करून जागच्या जागी ठेवणे. चौथी, दिलेली वेळ पाळणे. आणि पाचवी, झालेले काम किंवा झालेली चूक दुसऱ्यास नीट समजेल अशी सांगणे. कारखानदारास, सहकारी सोसायटीस, दूध संकलन केंद्रास किंवा गोदामाच्या व्यवस्थापकास जो माणूस हवा असतो तो हाच. आणि उत्तम शेतकरीही याहून निराळा नसतो.

हा विचार नवा नव्हे

महात्मा फुले यांनी १८८२ साली शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात खेड्यांतील मुलांस वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर शेतीचे मूलज्ञान द्यावे व लहानशा नमुना शेतावर त्याचा अनुभव द्यावा, अशी सूचना होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची योजना मांडली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा असे सांगितले. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा आला आणि नववीपासून व्यवसाय विषय घेण्याची सोय काही शाळांस मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस गावातील कारागिरांपाशी शिकावे, असे म्हटले आहे.

इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट खेड्यांत रुजली नाही, याचा दोष केवळ सरकारच्या माथी मारणे आम्हांस योग्य वाटत नाही. आपणही शाळेकडून हे मागितले नाही. कार्यानुभवाच्या तासास मुलांनी कागदाची फुले केली, त्यांस गुण मिळाले, आणि आपण समाधान मानले. आपल्या मनात शिक्षण म्हणजे मातीतून सुटका, असेच राहिले. ‘आम्ही चिखल तुडविला, पोरांनी तुडवू नये,’ हे बापाचे बोलणे मायेचे आहे. पण त्यातून मुलगा एवढेच शिकतो की हाताने केलेले काम हलके असते. मग तो शेतातही रमत नाही व कारखान्यातही टिकत नाही, कारण काम दोन्हीकडे हातानेच करावयाचे असते.

पाबळचा अनुभव

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ हे पर्जन्यछायेतील गाव आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हे एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील शास्त्रज्ञ. ती नोकरी मुदतीपूर्वी सोडून ते खेड्यात येऊन राहिले. २००३ साली ते वारले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला. आठवड्यातील एक दिवस मुले काम करीत शिकतात. कामाचे चार भाग असतात: यंत्र व बांधकाम, वीज व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. प्रत्येक मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, चारही भाग करावे लागतात.

या पद्धतीतील दोन गोष्टी आम्हांस फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, शिकविणारा पुष्कळदा गावातीलच कुशल कारागीर असतो. दुसरी ही की, मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडते. वेल्डिंग करून केलेली वस्तू वापरली जाते, मातीची परीक्षा खऱ्या शेतासाठी होते. वस्तू वाकडी झाली तर ती घेणारा तसे बोलून दाखवितो, आणि तो शेरा मुलास प्रगतिपुस्तकातील शेऱ्याहून अधिक काळ लक्षात राहतो.

एक खरा आक्षेप

यावर असा आक्षेप येतो की, शेतकऱ्याच्या व मजुराच्या मुलास काम शिकविणे म्हणजे त्यास त्याच्याच जागी बांधून ठेवणे होय. हा आक्षेप पोकळ नाही. १९५३ साली मद्रास राज्यात प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आपल्या आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना राजगोपालाचारी यांच्या सरकारने काढली. जन्माने आलेला धंदाच मुलाच्या गळ्यात बांधण्याचा हा डाव आहे, म्हणून तिला प्रखर विरोध झाला व १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. तो विरोध रास्त होता, असे आम्ही मानतो.

म्हणून आम्ही जे सुचवितो त्यास तीन अटी आहेत. गणित, विज्ञान व भाषा यांचा एकही तास कमी होता कामा नये. उलट हे काम म्हणजे त्याच गणिताचा व विज्ञानाचा प्रयोग असावा. कोणते काम कोणी शिकावे हे बापाचा धंदा, जात किंवा मुलगा-मुलगी हे पाहून ठरवू नये; जमीनदाराच्या मुलाने चाचणीसाठी माती खणावी व मजुराच्या मुलीने हिशेबाची वही सांभाळावी. आणि तिसरी अट आमच्या वाचकांसाठी आहे: आपल्या शेतावर शिकावयास आलेली मुले म्हणजे फुकटचे मजूर नव्हेत. त्यांच्या कामाने आपला खर्च वाचला असेल, तर तेवढी रक्कम शाळेच्या निधीत आपण भरली पाहिजे.

चार धडे

पेडगावसारख्या गावात मोठी कार्यशाळा उभारल्यावाचूनही आरंभ करता येईल. त्यासाठी पुढील चार धडे आम्ही सुचवितो.

पहिला धडा जमीन मोजण्याचा. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुलांनी टेप घेऊन शेताचा एक तुकडा मोजावा. समजा तो १३२ फूट लांब व १६५ फूट रुंद भरला. तर क्षेत्र २१,७८० चौरस फूट, म्हणजे बरोबर २० गुंठे. पुढे वाकड्या बांधाच्या शेताचे त्रिकोण पाडून तेच करावे, व आलेले उत्तर सातबाऱ्याशी ताडून पाहावे. भूमितीचा तास ज्यास रुक्ष वाटतो, त्यासही येथे त्रिकोणाची किंमत कळते. हाच मुलगा पुढे मोजणीच्या, बांधकामाच्या किंवा ठिबक संच बसविण्याच्या कामात गेला तर त्यास आरंभ नव्याने करावा लागत नाही.

दुसरा धडा बियाण्याच्या परीक्षेचा. घरच्या सोयाबीनचे न निवडलेले १०० दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींनी मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व ओल टिकवावी. आठवड्याने सशक्त कोंब किती निघाले ते मोजावे. ७० किंवा अधिक निघाले तर एकरी ३० किलो हे नेहमीचे प्रमाण पुरे. ६० च निघाले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे; एकरी ३५ किलो लागेल. त्याहून फार कमी निघाले तर ते बियाणे पेरू नये. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा पेरणी दारात उभी असते. म्हणून ही परीक्षा मार्च-एप्रिलमध्येच घ्यावी. तीस मुलांनी तीस घरांचे बियाणे तपासले, तर गावाचे दुबार पेरणीचे संकट काही अंशी टळेल, आणि नमुना कसा घ्यावा, नोंद कशी ठेवावी, हे मुलांस कळेल. प्रयोगशाळांतील कामाचा पाया हाच आहे.

तिसरा धडा पाण्याचा. २०० लिटरचा पिंप पंपाखाली ठेवून तो किती वेळात भरतो ते घड्याळात पाहावे. ५० सेकंदांत भरला तर सेकंदास ४ लिटर, म्हणजे तासास १४,४०० लिटर पाणी मिळते. आता एक एकरावर ५० मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे २,०२,००० लिटर लागेल, म्हणजे पंप सुमारे १४ तास चालवावा लागेल. वीज एका वेळी ८ तास मिळत असेल तर एका एकरास दोन पाळ्या लागतील, हे मुलगा आपणांस वहीवर मांडून दाखवील. पंपाचा आवाज बदलला, पाणी कमी झाले, तर ‘मोटार बिघडली’ एवढेच न सांगता, केव्हा, कसा आवाज आला व त्यापूर्वी काय झाले होते, हे चार ओळींत लिहून द्यावयास त्यास लावावे. बिघाड नीट सांगता येणे, ही अर्धी दुरुस्तीच होय. वीजतंत्री, जोडारी किंवा यंत्रदुरुस्तीचा अभ्यासक्रम घेण्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणाऱ्या मुलास या सवयीचा मोठा उपयोग होईल.

चौथा धडा हिशेबपट्टीचा. माल बाजारात गेल्यावर ओलावा, घट, हमाली, तोलाई अशा नावांनी वजावट होते व पुष्कळ जण पट्टी न वाचताच खिशात घालतात. मुलांस ती वाचावयास लावावी. शेकडा १८ ओलाव्याचे १,००० किलो सोयाबीन असेल, तर त्यात कोरडा माल ८२० किलो. तेच वाळून ओलावा शेकडा १२ वर आला म्हणजे वजन ८२० भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ९३२ किलो भरेल. ६८ किलोंची घट ही वाजवी, त्याहून अधिक कापले तर कारण विचारावे. हे विचारणे सभ्य भाषेत, न घाबरता, समोरच्यास राग न येईल असे कसे करावे, याचाही सराव वर्गात व्हावा. एकाने शेतकरी व्हावे, दुसऱ्याने आडत्या व्हावे, बाकीच्यांनी ऐकावे. शेतमाल उत्पादक कंपनीत, गोदामात, पतसंस्थेत किंवा दुकानात काम करणाऱ्या माणसास याहून अधिक उपयोगी शिक्षण क्वचितच मिळेल.

प्रत्येक धड्यास आठवड्यातील एक दुपार याप्रमाणे सात-आठ आठवडे दिले, तर चारही धडे एका शालेय वर्षात सहज पुरे होतात. पुढील वर्षी तेच धडे अधिक खोल न्यावेत. मोजणीतून नकाशा, पाण्यातून ठिबक संच, बियाण्यातून माती परीक्षण, हिशेबपट्टीतून संगणकावरील जमाखर्च. प्रत्येक मुलाची एक वही असावी व तीत तारीख, माप, काय चुकले व काय सुधारले, हे लिहिलेले असावे. नोकरीसाठी किंवा पुढील प्रवेशासाठी जाताना गुणपत्रिकेबरोबर ही वही त्याने दाखवावी. ‘तुला काय येते?’ या प्रश्नाचे उत्तर तीत लिहिलेले असेल.

काय करू नये

उत्साहाच्या भरात जिवावर बेतणारी कामे मुलांकडून करवून घेऊ नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. कीटकनाशकाची फवारणी, चालू मळणीयंत्र, विहिरीत उतरणे व चालू विजेच्या तारा या चार गोष्टींपासून विद्यार्थ्यांस दूरच ठेवावे. पंपाचा धडा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली द्यावा, व पेटीस हात लावावयाचा तो मुख्य प्रवाह बंद असल्याची खात्री त्याने केल्यावरच. औषधाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण काय सांगतो, हे मात्र प्रत्येक मुलास पाठ असावे; ते वाचण्यास डबा उघडावा लागत नाही. चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे व अठरा वर्षांपर्यंत धोक्याचे काम देता येत नाही, हेही लक्षात असावे.

आपले काम

या सर्वांत शाळेकडे थोडे व आपल्याकडे पुष्कळ आहे. शिक्षकांस अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, त्यांच्यावर इतरही कामांचा भार असतो. गावातील मोटार बांधणारा, गवंडी, सुतार, गिरणीवाला, दूध संकलन करणारा व हिशेब ठेवणारा यांस शाळेत मानाने बोलवावे व त्यांच्या वेळाचा मोबदला द्यावा. पाच-दहा खातेदारांनी मिळून टेप, पिंप, तराजू व काही हत्यारे घेऊन दिली तरी आरंभ होईल. परभणीच्या विद्यापीठात वर्धापनदिनाच्या सुमारास खरिपाचा व सप्टेंबरात रब्बीचा शेतकरी मेळावा भरतो. तेथे जाताना गाडीत दोन विद्यार्थी घ्यावेत व परत आल्यावर त्यांनी काय पाहिले ते वर्गात सांगण्यास लावावे. दहावीनंतर शेतीचा पदविका अभ्यासक्रम, औद्योगिक प्रशिक्षण किंवा महाविद्यालय, यांपैकी काय निवडावे हे ज्याने तीन वर्षे आपल्या हातांची परीक्षा घेतली आहे, तो मुलगा शेजाऱ्याचे पाहून न ठरविता स्वतः ठरवील.

मुलींविषयी एक शब्द अधिक. शेतातील निंदणी व वेचणी त्यांच्या हातांनी होते, पण माप, पैसा व यंत्र या तिन्हींपासून आपण त्यांस दूर ठेवतो. वर सांगितलेले चारही धडे मुलींस बरोबरीने मिळाले, तर उद्या दुष्काळात, आजारपणात किंवा घरचा कर्ता गेल्यावर घर सावरणारे एक माणूस प्रत्येक घरात तयार असेल. असे प्रसंग मराठवाड्यात कोणत्या घरावर कधी येतील हे सांगता येत नाही, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आम्ही मुलांस गावात अडवू इच्छीत नाही व गावाबाहेर हाकलूही इच्छीत नाही. ज्यास जावयाचे आहे त्याने हातात कसब घेऊन जावे, व ज्यास राहावयाचे आहे त्याने हार म्हणून न राहता, निवड म्हणून राहावे, इतकेच आमचे म्हणणे आहे. येत्या मार्चमध्ये आपल्या घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे शाळेतील मुलांकडून मोजवून घ्यावेत आणि निघालेला आकडा त्यांच्याच हातांनी वहीत लिहवावा. आरंभास एवढे पुरेसे आहे.